दाखवायचे तीळ वेगळे

मुंबईच्या उपनगरांतल्या बऱ्याच दवाखान्यांच्या दारावर एक पाटी असते: 'कृपया पादत्राणे बाहेर काढावीत.' अंधेरी असो, बोरिवली असो, मुलुंड किंवा घाटकोपर असो; डॉक्टर हाडांचे असोत, कानाचे असोत की त्वचेचे, पाटी तीच. माणूस बूट काढतो, मोजे बुटात कोंबतो, दुसरा कोणी घालून जाणार नाही अशा कोपऱ्यात जोड सरकवतो आणि अनवाणी पावलांनी आत जाऊन त्वचारोगतज्ज्ञांना गाल दाखवतो. गालावरचा तीळ, हनुवटीवरचा मस, मानेवरची चामखीळ. डॉक्टर भिंग लावून गाल न्याहाळत असतात आणि नुकतेच उघडे झालेले दोन तळवे टेबलाखाली एकमेकांवर निवांत विसावलेले असतात. त्यांच्याकडे डॉक्टरही बघत नाहीत आणि मालक तर मुळीच बघत नाही. प्रस्तुत लेखाचं म्हणणं एवढंच, की आपण डॉक्टरांना चुकीचा तीळ दाखवतो. लेखक डॉक्टर नसल्यामुळे हे म्हणणं आगाऊपणाचं वाटेल. पण तिळाच्या विषयावर आजवर सर्वांत ठाम मतं डॉक्टर नसलेल्यांनीच दिलेली आहेत, तेव्हा अधिकाराचा प्रश्न कोणी काढू नये.

गालावरचा तीळ डॉक्टरांपर्यंत पोचतो तोवर त्याची तपासणी तीन-चार समित्यांनी उरकलेली असते. पहिली समिती घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची. बाळाच्या गालावर तीळ नसेल तर या समितीला चैन पडत नाही. दृष्ट लागू नये म्हणून रोज आंघोळीनंतर काजळाचं बोट टेकवून तीट लावली जाते. देवाने दिला नाही म्हणून घरच्या घरी केलेला तीळ, रोज ताजा. हेच बाळ पंचवीस वर्षांचं होऊन स्थळं बघू लागलं की तीच समिती त्याच्या, बहुधा तिच्या, गालावरच्या खऱ्या तिळाकडे बोट दाखवते. 'एवढं काढून घे गं, फोटोत फार दिसतं.' ज्या गालाला पहिल्या वर्षी तिळावाचून धोका होता, त्याला आता तिळापासून धोका असतो. दुसरी समिती सामुद्रिकांची. अंगावरच्या खुणांवरून भविष्य सांगण्याची आपली हौस जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत अंगावर उठणाऱ्या पुळ्यांची फळं सांगायला स्वतंत्र अध्याय खर्च केला. पुरुषाचा उजवीकडचा तीळ शुभ, बाईचा डावीकडचा, असा ढोबळ नियम आजही घरोघर पाठ असतो. आता काही फोनांच्या पुढच्या कॅमेऱ्यातून काढलेल्या फोटोत उजवा गाल डावीकडे जातो. त्यामुळे ज्योतिषाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून फळ विचारणाऱ्यांपैकी कितीजण भलत्याच बाजूचं भाग्य भोगत असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. तक्रारही आलेली नाही, हे सामुद्रिकांच्या सोयीचं आहे.

तिसरी समिती सौंदर्याची, आणि तिचं मुख्यालय अंधेरी पश्चिमेला असावं. वर्सोव्याच्या आरामनगरात ऑडिशनच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाला एका खोलीत सांगतात की तिळामुळे चेहऱ्याला 'कॅरेक्टर' येतं आणि शेजारच्या खोलीत सांगतात की क्लोजअपला नडतो. मेरिलिन मन्रोच्या गालावरच्या तिळाला अख्खं जग भाळलं, सिंडी क्रॉफर्डने ओठाजवळचा तीळ राखून नाव कमावलं, हे दोन्ही खोल्यांना ठाऊक असतं. फॅशनचा हा घोळ मुंबईने शोधलेला नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या उच्चभ्रू बायका चेहऱ्यावर रेशमाचे काळे ठिपके चिकटवत. १७११ साली जोसेफ अ‍ॅडिसनने आपल्या 'स्पेक्टेटर' या नियतकालिकात त्यांची खिल्ली उडवली, कारण ठिपका कपाळाच्या कोणत्या बाजूला आहे यावरून बाई व्हिग पक्षाची की टोरी पक्षाची ते कळे. ही पद्धत महाराष्ट्रात आली नाही हे आपल्या त्वचारोगतज्ज्ञांचं नशीब. पक्षांतराचा आपला वेग पाहता एकेका गालावर महिन्याला दोनदा काम निघालं असतं.

या सगळ्या समित्यांचे अहवाल घेऊन माणूस डॉक्टरांपुढे बसतो आणि मग साधारण असा संवाद होतो. 'कधीपासून आहे?' 'लहानपणापासून.' 'वाढलाय?' 'नाही.' 'दुखतो, खाजतो, रक्त येतं?' 'छे.' 'मग काढायचा कशाला?' 'मावशी म्हणाल्या.' वैद्यकशास्त्रात रोगाच्या कारणांची वर्गवारी आहे, पण मावशींसाठी अजून रकाना नाही.

रकान्यांवरून आठवण झाली ती सरकारची. तीही एक समितीच, आणि तिळाची सर्वांत जुनी चाहती. पासपोर्टच्या अर्जात दिसेल अशा ओळखखुणेची विचारणा असते. वैद्यकीय दाखल्यांच्या छापील नमुन्यात तर १ आणि २ असे आकडे घालून दोन ओळी सोडलेल्या असतात, म्हणजे एका खुणेवर भागत नाही. आपल्या अंगावर लिहिण्यासारखं काही नाही असं समजून चाळीस वर्षं काढलेला माणूस इथे बाह्या वर करून स्वतःची झडती घेऊ लागतो. 'कोपराजवळ बघ रे काही आहे का.' 'आहे, पण पुसट आहे.' 'चालेल, लिही.' आणि 'उजव्या गालावर तीळ' या वर्णनात तर बोरिवली लोकलचा एक अख्खा डबा बसेल. खरं तर पोलिसांचा तिळावरचा विश्वास केव्हाच उडाला आहे. पॅरिसच्या पोलिसांत अल्फोन्स बर्तियाँने १८८० च्या दशकात गुन्हेगारांची मोजमापं घेऊन अंगावरचे तीळ-व्रण टिपून ठेवायची मोठी पद्धत बसवली होती. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय निघालं आणि त्या पद्धतीची सद्दी संपत गेली. पुढे २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं, तेव्हा दहा बोटं आणि दोन बुबुळं एवढ्यावर ओळख पटली. तिळाला कोणी विचारलं नाही. तरी जुन्या फॉर्मच्या धाकाने लोक डॉक्टरांना विचारतातच, 'हा काढला तर पासपोर्टचं काय?' तिळाअभावी कोणाला विमानातून उतरवल्याचं ऐकिवात नाही. आपल्या मुद्द्याशी संबंध असलेली गोष्ट वेगळीच आहे. इतक्या वर्षांत, इतक्या फॉर्मांत, 'डाव्या तळपायावर तीळ' असं लिहिणारा माणूस सापडणं कठीण. सरकारलाही दिसणारीच खूण हवी असते.

डॉक्टरांना काय हवं असतं? इथे जुने आणि नवे वैद्य चमत्कारिकरीत्या एकमताने बोलतात. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांची यादी आहे, तीत तिलकालक येतो: काळा, तिळाएवढा, न दुखणारा, कातडीच्या पातळीत असलेला. उडदाएवढा, काळा आणि वर आलेला असेल तर तो मशक. जन्मापासूनचा असेल तर जतुमणी. रंग, आकार, उंची, वेदना आणि केव्हापासून आहे, एवढ्याच गोष्टी सुश्रुताने विचारल्या. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या डॉक्टरांनी १९८५ मध्ये धोक्याचा तीळ ओळखायचे चार निकष मांडले: दोन अर्धी सारखी नसणं, कडा वेड्यावाकड्या असणं, एकाच तिळात दोन-तीन रंग असणं आणि व्यास सहा मिलिमीटरच्या पुढे, म्हणजे पेन्सिलीच्या मागच्या रबरापेक्षा मोठा असणं. २००४ मध्ये पाचवा निकष जोडला गेला, बदलत जाणं. तिळाउडदाच्या जागी मिलिमीटर आले, बाकी चौकशी त्याच घराण्यातली. दोघांनीही स्थळ कुठलं आलंय हे विचारलेलं नाही.

आता या पाच निकषांवर गालावरचा सरासरी उपनगरी तीळ लावून बघा. तीळ म्हणजे कातडीतल्या रंगपेशींचा एका जागी जमलेला घोळका. प्रौढ माणसाच्या अंगावर असे दहा ते चाळीस घोळके असणं अगदी सर्वसाधारण; बहुतेक लहानपणापासून तिशी-चाळिशीपर्यंत उगवतात, वर्षानुवर्षं तसेच राहतात आणि म्हातारपणी काही फिकेही होतात. शाळेच्या ग्रुप फोटोत होता तसाच आजही असलेला तीळ पाचव्या निकषात साफ नापास होतो, आणि या परीक्षेत नापास होणं चांगलं. शिवाय गालावर पहारा कडक असतो. आरशात सकाळ-संध्याकाळ पाहणी होते, ऑफिसातले लोक पाहतात, लिफ्टमध्ये शेजारच्या काकू तर फार बारकाईने पाहतात. गालावरचा तीळ एक मिलिमीटरने वाढला तर सोसायटीच्या पुढच्या सभेआधी त्याची चर्चा होईल. म्हणजे ज्या जागेवर बदल लपूच शकत नाही, ती जागा आपण फी भरून डॉक्टरांना दाखवतो. आणि जिथे बदल वर्षभर दडून राहील ती जागा, म्हणजे तळवा, बोटांच्या बेचक्या, नखाखालचं कातडं, पाठ, यांच्यावर पहारा शून्य. प्रस्तुत लेखकालाही स्वतःचा तळपाय शेवटचा केव्हा निरखला हे शपथेवर सांगता येणार नाही. पायाला काटा रुतल्याशिवाय आपली आणि तळव्याची भेट होत नाही.

मधल्या मधे एक खुलासा करायला हवा, की जे काढून घ्यायला लोक येतात त्यातले कित्येक मुळात तीळच नसतात. वय वाढलं की गालांवर, डोळ्यांभोवती बारीक काळे दाणे उगवू लागतात. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर ते फार आढळतात, बऱ्याचदा आईकडून किंवा वडिलांकडून आलेले असतात आणि पूर्णपणे निरुपद्रवी असतात. मानेभोवती आणि काखेत लोंबणाऱ्या मऊ चामखिळी हा आणखी निराळा प्रकार. त्यांच्यापासून थेट धोका नाही, पण वजन वाढलेल्या आणि साखरेकडे झुकलेल्या माणसांत त्या जास्त दिसतात. त्यामुळे मंगळसूत्रात अडकते म्हणून चामखीळ काढायला गेलेली बाई किंवा कॉलर घासते म्हणून गेलेला गृहस्थ रक्तातली साखर तपासायची चिठ्ठी हातात घेऊन बाहेर पडतो. 'कातडीच्या डॉक्टरांना साखरेशी काय करायचंय?' असं घरी विचारलं जातं. करायचं बरंच असतं, पण वडा-पाव थांबवायला सांगणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञावर विश्वास कसा ठेवायचा हा घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतचा प्रश्न आहे.

तर तळवा. तिळासारख्या दिसणाऱ्या डागांत ज्याला खरोखर भ्यावं तो मेलानोमा, रंगपेशींचा कॅन्सर. गोऱ्या लोकांत त्याचं उन्हाशी जवळचं नातं आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड त्याच्या प्रमाणात जगात सर्वांत पुढे. सावळ्या आणि काळ्या कातडीत तो क्वचित होतो, पण होतो तेव्हा पुष्कळदा ऊन न लागणाऱ्या जागा निवडतो: तळपाय, तळहात, नखाखाली. बॉब मार्लीचं उदाहरण यासाठी वैद्यकाच्या वर्गांतही दिलं जातं. पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा डाग आधी फुटबॉल खेळताना झालेल्या दुखापतीचा मानला गेला. १९७७ मध्ये तो मेलानोमा असल्याचं निदान झालं. अंगठा कापायला त्याने नकार दिला. ११ मे १९८१ रोजी मायामीत तो गेला तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. मार्लीला निदान फुटबॉलचं निमित्त होतं. आपल्याकडे नखाखाली काळं दिसलं की निदान खेळाच्याही आधी तयार असतं: 'ट्रेनमध्ये कोणीतरी पाय दिला असेल.' बोरिवली फास्टमधून अंधेरीला उतरणाऱ्याच्या किंवा घाटकोपरला मेट्रोतून लोकलकडे धावणाऱ्याच्या बाबतीत हे बहुतेक वेळा खरंही असतं. पण खरं आहे की नाही हे नखच सांगतं. साकळलेलं रक्त असेल तर डाग नखाबरोबर पुढे सरकत जातो. हाताचं नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्याने, त्यामुळे अंगठ्याचं अख्खं नख बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं. डाग सरकलाच नाही, पट्टा रुंद होत गेला, किंवा रंग नखाच्या मुळाशी कातडीवर पसरला, तर पश्चिम रेल्वेला दोष देणं थांबवून डॉक्टर गाठावा. अर्थात सावळ्या माणसांच्या अनेक नखांत सरळ, बारीक, काळपट रेघा जन्मभर असतात आणि त्या काही करत नाहीत. एकाच नखात नव्याने उगवलेली रेघ ही वेगळी गोष्ट.

यावर पहिला आक्षेप हा की इतक्या दुर्मीळ रोगासाठी लोकांना घाबरवायचं कशाला. आक्षेप अगदी रास्त आहे. तळव्यावरचा काळा डाग निघाला की तो बहुधा जुना तीळ असतो, चपलेने घासून साकळलेलं रक्त असतं, कुरूप असतं, किंवा मे महिन्यात रस्त्याला लागलेलं डांबर असतं. घरात नुकतंच लग्न झालं असेल तर मेंदीही असते. पण दुर्मीळपणाचा फायदा घेऊन हा रोग उशिरा पकडला जातो, ही अडचण आहे. कोणी शोधतच नाही, म्हणून सापडतो तेव्हा तो खोल गेलेला असतो. वरवरचा असताना काढला तर नुसत्या शस्त्रक्रियेने काम भागू शकतं, हे त्याचं सौजन्य. महिन्यातून एकदा पायावरून वजरी फिरवताना खाली बघायचं आहे, एवढीच ही दहशत. आपण टाचेच्या भेगा घासतो तेव्हाही डोळे टीव्हीवर असतात.

दुसरा आक्षेप त्याच्या नेमका उलट, आणि घराघरांत त्याला आज्ञेचा दर्जा आहे: 'तिळाला हात लावू नये, छेडला की कॅन्सर होतो.' साधा तीळ नीट काढल्याने त्याचा कॅन्सर होत नाही. मग ही समजूत आली कुठून? ज्यांच्या बाबतीत तसं झाल्यासारखं दिसलं त्यांचा तो डाग बहुधा आधीपासूनच बिघडलेला होता. कोणीतरी न तपासता तो खरवडला किंवा जाळला, काही महिन्यांनी तो परत आला आणि दोष काढण्याला लागला. म्हणजे आज्ञेत अर्धं तथ्य आहे. हात लावायला हरकत नाही, न बघता लावू नये. आपल्याकडे मात्र बघणं सोडून बाकी सगळे विधी होतात. चामखिळीला घोड्याचा केस बांधायचा उपाय अजून सांगितला जातो. उपनगरात घोडा भेटतो तो वरातीत, म्हणजे ज्या लग्नासाठी चामखीळ काढायची त्याच लग्नाच्या दिवशी, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. चुना आणि धुण्याचा सोडा कालवून तिळावर लावणारे आहेत. त्याने तीळ जातो, सोबत आजूबाजूचं कातडंही जातं आणि तिळाएवढ्या डागाच्या जागी पावलीएवढा व्रण येतो. ऑनलाइन मागवलेल्या बाटल्यांची गोष्ट याहून फार वेगळी नाही, फक्त त्या घरपोच येतात.

आणि मग येतं लेझर. उपनगरातल्या पाट्यांवर या शब्दाला जो मान आहे तो एकेकाळी 'फॉरेन रिटर्न'ला होता. लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी वाईट नाही. निरुपद्रवी दाण्यांसाठी, डॉक्टरांनी आधी नीट पाहिलं असेल तर, ती सोयीचीच आहे. जरा बधिर करणारी सुई, पाच-दहा मिनिटं, वर मलम. पण तिने तीळ जाळला जातो आणि धुराची बायोप्सी करता येत नाही. डाग संशयाचा असेल तर तो जाळायचा नसतो, सुरीने पुरता काढायचा असतो, फॉर्मॅलिनच्या डबीत घालून प्रयोगशाळेत पाठवायचा असतो, आणि तिथे कोणीतरी त्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे असतात. सुश्रुतानेही अशा खुणा शस्त्राने काढून वर क्षाराने किंवा अग्नीने डागायला सांगितलं, पण त्याच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, आपल्याकडे आहे. इथे सर्वांत चिवट आक्षेप येतो, आणि तो पैशाचा असतो. 'लॅबचे वेगळे पडतील का?' 'हो.' 'मग राहू दे ना डॉक्टर, आता काढलाच आहे.' लग्नाच्या हॉलच्या सजावटीत भाव न करणारा माणूस काढलेल्या तिळावर मात्र करकरीत हिशेबी होतो. अंगावर होता तोवर तो शरीराचा भाग होता, आता कचरा आहे. लंडनचा शल्यविशारद जॉन हंटर याने १७८७ मध्ये एका माणसाच्या जबड्याजवळची गाठ कापली. ती काय आहे हे त्याला नेमकं कळलं नाही, पण त्याने ती फेकली नाही, बरणीत घालून ठेवली. १९६८ मध्ये तिची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली आणि तो मेलानोमा होता हे ठरलं. निदानाला १८१ वर्षं लागली, पण लागली ती तुकडा शिल्लक होता म्हणून. आपल्याकडे अहवाल साधारण आठवड्यात मिळतो आणि तरी आपल्याला घाई असते.

घाईचं कारण मुहूर्त. तीळ काढायला लोक येतात ते पत्रिका वाटून झाल्यावर. चेहऱ्यावरची जखम भरायला आठवडा-दहा दिवस, लालसरपणा जायला आणखी काही आठवडे आणि सावळ्या कातडीवर मागे राहिलेला काळपटपणा फिका व्हायला कधीकधी काही महिने लागतात. छाती, खांदा, कानाची पाळी इथे तर काहींना जखमेच्या जागी जाड, उंचवट्याचा व्रण येतो, जो मूळ तिळापेक्षा कितीतरी मोठा दिसतो. डॉक्टर हे सगळं सांगतात. समोरचा ऐकून घेतो आणि विचारतो, 'बुधवारपर्यंत जाईल ना? गुरुवारी साखरपुडा आहे.'

'डॉक्टर उगाच पैशासाठी कापतात' हा आक्षेप मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो ऐकून कोणत्याही प्रामाणिक त्वचारोगतज्ज्ञाला हसू फुटेल. त्याचा बराचसा दिवस लोकांना काढू नका असं समजावण्यात जातो. दहापट मोठं दाखवणारा डर्माटोस्कोप तिळावर टेकवून तो मिनिटभर पाहतो आणि म्हणतो, 'काही करायची गरज नाही.' समोरच्याचा चेहरा पडतो. 'म्हणजे काहीच नाही?' 'काहीच नाही.' 'निदान एखादं मलम तरी?' फी देऊन रिकाम्या हाती परतणं आपल्या रक्तात नाही. आजार नसेल तर नसो, औषध तरी हवं. अशा वेळी डॉक्टर सनस्क्रीन लिहून देतात आणि दोघांचीही अब्रू राखली जाते. गालावरचा तीळ आवडत नसेल तर काढायला खरोखर कोणाचीही हरकत नसावी. गाल तुमचा, पैसे तुमचे, मावशी तुमच्या. फक्त त्याला तपासणी म्हणू नये.

तेव्हा वाचकांना एवढंच सांगणं. आज रात्री दिव्याखाली बसून दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या आणि वीसही नखं एकदा पाहावीत. पाठ घरातल्या कोणालातरी पाहायला सांगावी. डाग दिसला तर घाबरू नये, शेजारी मोजपट्टी ठेवून फोनने फोटो काढावा, त्यावर तारीख येईलच. महिन्याभराने पुन्हा काढावा. वाढला असेल, रंग बदलला असेल, रक्त येत असेल किंवा चाळिशीनंतर नव्यानेच उगवला असेल, तर केईएम, नायर, सायन इथे त्वचारोगाचे मोठे विभाग आहेत आणि उपनगरात गल्लोगल्ली तज्ज्ञ आहेत. आत गेल्यावर पहिल्या वाक्यात पायाचं सांगावं. गालाचं नंतर, वेळ उरला तर.